जुनी मोटार, जुना हुनर, नवे गिऱ्हाईक
कुर्ल्याच्या गॅरेजवाल्यांनी आणि कारागिरांनी विचार करावा असा धंदा

कुर्ला आणि मोटार यांचे नाते जुने आहे. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि १९४७ पासून तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला. १९६४ मध्ये आलेली फियाट ११०० डिलाइट हीच १९७० च्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली. सन २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. कारखान्याच्या जागेवर आज कोहिनूर सिटी उभी आहे आणि जुनी ओळख प्रीमियर रोडच्या नावात तेवढी शिल्लक आहे.

कारखाना गेला तरी टॅक्सी होती. टॅक्सी होती तोवर कुर्ल्यात फियाटचे काम होते. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. त्या हिशेबाने ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. कार्ब्युरेटर उघडून जेट साफ करणारा, कमान पाटे चढवणारा, हातोडी-डॉलीने पत्र्याला आकार देणारा कारागीर यांची रोजची मिळकत या गाडीवर होती. नव्या गाडीत बिघाड स्कॅनर सांगतो आणि पार्ट दुरुस्त न होता बदलला जातो. त्यामुळे उस्तादाकडे काम कमी आणि शागीर्द तर नाहीच, अशी स्थिती अनेक ठिकाणी दिसते.

अशा वेळी एक वेगळे गिऱ्हाईक पुढे आले आहे. हा गिऱ्हाईक हौशी आहे. वडिलांची फियाट, आजोबांची एमजी किंवा ट्रायम्फसारखी दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार त्याच्या बंगल्यात किंवा इमारतीच्या आवारात ताडपत्रीखाली उभी असते. त्याला ती स्वतःच्या हाताने, घरच्या घरी उभी करायची असते. पण घरी सगळे होत नाही. तिथेच कुर्ल्याच्या कारागिराची गरज लागते. हे काम कसे घ्यावे, कुठे सांभाळावे आणि त्यात पैसा कसा बुडतो, हे आम्ही येथे मांडत आहोत.

पहिला नट सोडण्यापूर्वी

गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारावा तो हा : गाडी मुळात होती तशी करायची, की बदल करून हवी? दोन्ही कामे वेगळी आहेत. त्यांचा खर्च वेगळा, कायदा वेगळा आणि शेवटी गाडीला येणारी किंमतही वेगळी.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम जाहीर केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली गाडी या नियमांत बसते. मात्र ती मूळ रूपात असली पाहिजे. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये ठरली, मुदत १० वर्षांची, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. ही गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. १९७४ ची फियाट २०२४ मध्ये पन्नाशीला पोहोचली. आज कुणी हौसेने तिचे छप्पर कापले, तर तिने हा मान कायमचा गमावला. उलट, ज्याला गाडी रोज चालवायची आहे त्याने साधी नोंदणीच ठेवावी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते.

बदलाच्या बाबतीत मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ स्पष्ट आहे. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले. रंग बदलला किंवा इंजिन बदलले तर आरटीओकडून नोंदणी पुस्तकात त्याची नोंद करून घ्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणून ‘सेठ, सब हो जाएगा’ असे म्हणून काम घेऊ नये. गाडी अडकली की गिऱ्हाईक परत गॅरेजच्याच दारात येतो.

इंजिन नंबर आणि चासी नंबर पुस्तकाशी जुळतात का, हे गाडी आत घेण्याआधी बघावे. जुळत नसतील तर कितीही पैसे मिळत असले तरी त्या गाडीला हात लावू नये.

‘स्पोर्ट्स’ करण्याचा नाद

फियाट ११०० ही चालायला हलकी गाडी. मद्रासजवळच्या शोलावरमच्या शर्यतींत ती ट्यून करून पळवली जात असे. त्यामुळे हौशी माणसाला तिच्यात स्पोर्ट्स कार दिसते. पण तिची रचना समजल्याशिवाय बदल करणे धोक्याचे आहे.

या गाडीला जीपसारखी वेगळी चासी नाही. फरशी, दाराखालचे सिल, खांब आणि छप्पर मिळूनच सगळा भार पेलतात. छप्पर कापून उघडी गाडी केली की मधला भाग लचकतो, दारे बसत नाहीत आणि अपघातात आतला माणूस सुरक्षित राहत नाही. एमजीसारखी गाडी जन्मतःच उघडी असते. तिची रचना त्याच हिशेबाने केलेली असते. म्हणून जे तिला चालते ते फियाटला चालत नाही.

दुसरी गोष्ट ब्रेकची. पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे, ताकद सुमारे ४० अश्वशक्ती, आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. हे सगळे एकमेकांच्या मापाने बनवलेले आहे. इंजिनाची ताकद वाढवली आणि ब्रेक तसेच ठेवले तर गाडी पळेल, थांबणार नाही. आमचे सांगणे एवढेच की आधी थांबण्याची सोय, मग पळण्याची. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, रबरी होज आणि ब्रेक शू नवे झाल्याशिवाय गाडी आवाराबाहेर काढू नये. खरे तर चांगला ट्यूनिंगवाला मूळ इंजिनातूनच पुष्कळ काढून देतो. टॅपेट, पॉइंट, टायमिंग आणि कार्ब्युरेटर जागेवर आले की निम्म्या लोकांचा बदलाचा हट्ट आपोआप सुटतो.

घरी काय, गॅरेजात काय

गाडी सोडवणे, पार्ट धुणे, गंज घासणे, आतले सामान काढणे, पार्टवर चिठ्ठ्या लावणे ही कामे मालक घरी करू शकतो. त्याला ती करू द्यावीत. त्याची हौसही तीच आहे. गॅस वेल्डिंग आणि स्प्रे पेंटिंग मात्र इमारतीच्या आवारात करू नये.

कामाचा क्रम असा असावा. आधी पत्रा, मग इंजिन व गिअर, मग ब्रेक व कमान पाटे, मग वायरिंग, मग रंग, आणि शेवटी सीट व गाद्या. पुष्कळ जण रंगापासून सुरुवात करतात आणि इंजिन बसवताना तोच रंग खरवडतात. पावसाळ्यात रंग काढू नये. हवेतल्या ओलाव्याने ड्युकोवर पांढरट झाक येते आणि काम दुसऱ्यांदा करावे लागते.

पत्रेवाल्याची परीक्षा सिल आणि फरशी यांत होते. गंजलेला भाग कापून तेवढाच नवा पत्रा वेल्ड करणे हे खरे काम. वरून पुट्टी भरून गुळगुळीत करणे हे नुसते झाकणे. एक पावसाळा गेला की ते उघडे पडते आणि कारागिराचे नाव जाते.

फियाटच्या इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे आहे. गाडी तापली की ते वाकते आणि गॅस्केट जाते. म्हणून हेड फेस करून घेणे आणि रेडिएटर आतून साफ करणे ही दोन कामे एकत्रच करावीत. उन्हाळ्यात तापलेली फियाट बंद पडली की पेट्रोल पंपावर ओले फडके ठेवून ती चालू करणारे टॅक्सीवाले मुंबईने पाहिले आहेत. रेडिएटर नीट असेल तर फडक्याची गरज क्वचितच पडते.

पेट्रोलही आता पूर्वीचे नाही. शिसे असलेले पेट्रोल देशात २००० साली बंद झाले. त्यामुळे लोखंडी हेडच्या जुन्या ब्रिटिश इंजिनांत व्हॉल्व्हची सीट झिजते; तिथे कठीण धातूची सीट बसवून घ्यावी. २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉलने जुना रबर फुगतो किंवा चिरतो. म्हणून पेट्रोलची नळी, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरचे वॉशर इथेनॉलला टिकणारेच घालावेत. गरम इंजिनावर पेट्रोल गळले तर आग लागायला वेळ लागत नाही.

ब्रिटिश गाडी हातात आली तर वायरमनने आधी बॅटरीची तार बघावी. जुन्या एमजीसारख्या गाड्यांत पॉझिटिव्ह तार बॉडीला असते. सवयीने उलटी जोडली तर नुकसान होते. फिटरने पान्याची खात्री करावी. एमजी टीसी, टीडीच्या इंजिनात चुडी मिलिमीटरची आणि बोल्टचे डोके व्हिटवर्थ मापाचे असते. पाना व्हिटवर्थचा लागला म्हणून नटही त्याच चुडीचा असेल असे समजून जोर लावला की चुडी मेली.

जीव आधी

दोन गोष्टी प्रत्येक गॅरेजात पाटीवर लिहून लावाव्यात. एक, पेट्रोलची रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते, कारण आत वाफ असते. वाफ पूर्ण काढल्याशिवाय तिला ज्योत लावू नये. दोन, जुन्या ब्रेक शूच्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असू शकते. ती हवेच्या पाइपने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून पिशवीत बांधून टाकावी. शागीर्द मुलांना हे आधी शिकवावे, पाना मागून द्यावा.

हिशेब कसा ठेवावा

या धंद्यात कारागीर काम येत नाही म्हणून बुडत नाही, तोंडी भावाने बुडतो. समजा, पत्रेवाल्याने ३० दिवसांचे काम धरून उक्ती रक्कम सांगितली. रंग खरवडल्यावर खाली फरशीच नाही असे दिसले. काम ६० दिवसांवर गेले, पण गिऱ्हाईक ठरलेल्या रकमेवर अडून बसला. यात गिऱ्हाइकाचा दोष नाही. आत काय आहे हे न पाहता भाव सांगितला गेला.

म्हणून तीन टप्पे करावेत. पहिला टप्पा फक्त गाडी उघडून तपासण्याचा. त्याची मजुरी वेगळी आणि आधी घ्यावी. दुसऱ्या टप्प्यात लेखी अंदाज द्यावा आणि आगाऊ रक्कम घ्यावी. तिसऱ्या टप्प्यात काम होईल तसे पैसे घ्यावेत. प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. ‘आत नवा पत्रा घातला’ असे शंभरदा सांगण्यापेक्षा एक फोटो जास्त बोलतो, आणि गाडी विकताना मालकालाही तो उपयोगी पडतो.

जुने पार्ट पावतीवरच घ्यावेत. सीएसटी रोडच्या बाजारात माल भरपूर आहे, पण जो पार्ट कुठून आला हे विकणारा सांगत नाही तो स्वस्तातही महाग पडतो. मालकाचा निघालेला जुना पार्ट मोजून त्याला परत द्यावा. जुन्या गाडीचा मूळ पार्ट, तुटका असला तरी, किंमत राखून असतो.

एकटा कारागीर सगळी गाडी घेऊ शकत नाही. पत्रेवाला, इंजिनवाला, वायरमन, गादीवाला आणि लेथवाला अशा पाच जणांनी मिळून एक नाव, एक बिल आणि एक जबाबदार माणूस ठरवला तर गिऱ्हाइकाला पाच ठिकाणी फिरावे लागणार नाही. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. ती करून घ्यावी. वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांवर गेली की जीएसटीची नोंदणी लागते, हेही ध्यानात असावे.

हा धंदा टॅक्सीइतका मोठा होणार नाही, हे आम्ही मान्य करतो. गाड्या मोजक्या आहेत आणि काम संथ आहे. पण ज्या कामाला हात लागतो त्याची मजुरीही हाताचीच मिळते, आणि ते हात सगळीकडे मिळत नाहीत. फियाट उघडी करून पुन्हा जोडलेले उस्ताद आज साठी-सत्तरीला आले आहेत. त्यांच्याजवळ असलेली माहिती बहुतेक कुठे लिहिलेली नाही. गॅरेज चालवणाऱ्या बांधवांनी यंदा एक तरी मुलगा अशा उस्तादाजवळ बसवावा आणि त्याच्या हाती पान्याबरोबर एक वहीही द्यावी. कोणत्या गाडीला कोणती चुडी, कुठली फट किती, कोणता पार्ट कशाला चालतो, हे त्याने रोज लिहून ठेवावे. उद्या गिऱ्हाईक गाडी घेऊन आले तर ही वही त्या गॅरेजचे सर्वांत मोठे भांडवल असेल.