पोरगं अभ्यासाला बसत नाही : बारावी-सीईटीच्या दोन वर्षांविषयी



लागण, खोडवा, तोडणीचा कार्यक्रम हे आपल्या पत्रिकेचे नेहमीचे विषय. तथापि गेल्या काही हंगामांत गट कार्यालयात येणारे सभासद बिलाची तारीख विचारून झाली की दुसरा विषय काढतात, तो घरातल्या अकरावी-बारावीच्या मुलाचा. "क्लासला पैसे भरले, शहरात खोली घेऊन दिली, आणि पोरगं पुस्तकाला हात लावत नाही. विचारलं तर म्हणतं, करतोय की." हे गाऱ्हाणे इतक्या घरांतून ऐकू येते, की त्यावर या अंकात सविस्तर लिहावे असे वाटले.

प्रथम परीक्षेविषयी. ज्या परीक्षेसाठी आपण मुलाच्या मागे लागतो ती नेमकी काय आहे, हे बऱ्याच घरांत फक्त मुलालाच ठाऊक असते. इंजिनिअरिंगसाठी राज्याची एमएचटी-सीईटी असते. वेळ ३ तास, एकूण २०० गुण. गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे, भौतिक आणि रसायनचे ५०-५० प्रश्न प्रत्येकी १ गुणाचे. म्हणजे निम्मे गुण एकट्या गणिताचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. सुमारे २० टक्के भाग अकरावीचा आणि ८० टक्के बारावीचा. बी.एस्सी. ॲग्रीलाही याच सीईटीचे गुण लागतात. डॉक्टरकीची नीट वेगळी. तिथे १८० प्रश्न, ७२० गुण, आणि प्रत्येक चुकीला १ गुण वजा. निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे. २०२५ साली नीटला २२ लाखांवर मुले बसली, आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा एक लाखाहून थोड्याच जास्त आहेत. "आमचं पोरगं डॉक्टर होणार" असे चारचौघांत जाहीर करण्यापूर्वी हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवून पाहावेत.

आणखी एक गोष्ट बऱ्याच घरांत भांडण लावते, ती म्हणजे पर्सेंटाईल. ते टक्के नव्हेत. ८० पर्सेंटाईल म्हणजे परीक्षेला बसलेल्या शंभरांतली साधारण ऐंशी मुले आपल्या मुलाच्या बरोबरीला किंवा मागे आहेत. प्रत्यक्ष गुण २०० पैकी शंभराच्या खालीही असू शकतात. उलट क्लासच्या चाचणीत ४५ टक्के आले म्हणून पोराला फैलावर घेणारे वडील आम्ही पाहिले आहेत. त्या चाचणीत पहिला आलेला कितीवर होता, हे मात्र त्यांनी विचारले नव्हते.

आता मूळ प्रश्न. पोरगं बसत का नाही? आळशी म्हटले की विषय संपतो, पण काम काही होत नाही. ऊस पिवळा पडला तर आपण लगेच पोती ओतत नाही. पाणी साचलंय का, हुमणी लागलीय का, लोह कमी पडलंय का हे आधी बघतो. तसेच इथेही.

आमच्या पाहण्यातले सर्वांत मोठे कारण असे, की मुलाला समजतच नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यम, प्रत्येक विषयाला २० गुण शाळेच्या हातचे, म्हणून टक्के नव्वदच्या घरात. घरी पेढे वाटले. अकरावीला गेला तर सगळे इंग्रजीत, आणि मास्तर निम्मी पायरी फळ्यावर लिहून पुढे. महिन्याभरात पोरगं मागे पडतं. नव्वद टक्केवाल्याने "मला येत नाही" असे म्हणायचे कसे? मग तो म्हणतच नाही. पुस्तक उघडे, मोबाईल पुस्तकात. आपल्या भागातल्या अशाच एका मुलाला त्याच्या चुलत्याने गावच्या हायस्कूलच्या निवृत्त गुरुजींकडे नेले. गुरुजींनी महिनाभर त्याच्याकडून फक्त नववी-दहावीचे बीजगणित करून घेतले. पोरगं काही एकदम हुशार झालं नाही, पण रोज दोन तास आपणहून बसू लागलं. सीईटीला मध्यम पर्सेंटाईल मिळाले आणि शेजारच्या जिल्ह्यात प्रवेश झाला. नवा क्लास लावण्यापूर्वी हे करून बघावे, खर्चही फारसा नाही.

दुसरे कारण, मार्ग मुलाने निवडलेलाच नसतो. भाऊबंदातला कोणी कंपनीत लागला, म्हणून हाही इंजिनिअर. अशा मुलाला एकदा निवांत बसवून "तुला काय करायचंय?" असे विचारावे आणि तो बोलेपर्यंत गप्प राहावे. आपल्याकडे बाप-लेकाची बोलणी बहुधा आईमार्फत चालतात. ही मात्र समोरासमोर व्हावीत. मोटारसायकलवरून शेताकडे जाताना झाली तरी चालतील. तोंडाकडे बघायला लागत नाही म्हणून उलट सोपी जातात.

तिसरे, पल्ला फार लांबचा. अकरावीचा प्रवेश आडसाली लागणीच्या सुमारास होतो. ती लागण सोळा-अठरा महिन्यांनी तुटून गव्हाणीत पडते, तरी पोराची सीईटी आणखी चार-पाच महिने लांबच असते. सतरा वर्षांच्या पोराला एवढे लांबचे दिसत नाही. त्याला "पुढच्या रविवारपर्यंत हा एक धडा आणि त्याचे चाळीस प्रश्न" एवढेच द्यावे आणि रविवारी खरोखर विचारावे. प्रश्न कळले नाहीत तरी हरकत नाही. किती सुटले, किती अडले, एवढे विचारायला शिक्षण लागत नाही.

हंगाम नेमका याच काळात येतो, हे आपले खास दुखणे. प्रात्यक्षिके, बोर्डाचे पेपर, उजळणी हे सगळे गाळप जोरात असताना. वडील तोडणीच्या टोळीमागे, ट्रॅक्टरमागे. ज्या भागात अजून शेतीपंपाला रात्रीची वीज आहे, तिथे पाणी पाजायला पोरालाच उठवतात. दोन वाजता दार धरून आलेला मुलगा सकाळी त्रिकोणमिती करील, ही अपेक्षा चुकीची आहे. बारावीच्या चार महिन्यांपुरता दुसरा गडी बघावा, भावकीत पाळी बदलून घ्यावी. शेतातले काम अजिबात सांगू नये असे आमचे म्हणणे नाही. दिवसा तासभर हातपाय हलले तर बरेच. झोप मात्र मोडू नये.

पैशाविषयीही स्पष्ट बोलावे. "तुझ्यासाठी बिलातून एवढे कापले" हे जेवताना रोज ऐकवल्याने अभ्यास वाढत नाही, जेवण तेवढे कमी होते. एकदाच, आकड्यासह सांगावे : इतके भरले आहेत, याच्यापुढे इतकेच जमेल. क्लासची रक्कम एकदम भरू नये, हप्ते मागावेत, पावती घ्यावी. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार १६ वर्षांखालील मुलांना घेऊ नये, गुणांची वा रँकची हमी देऊ नये, आणि मुलगा मधेच सोडून गेला तर उरलेल्या काळाची फी, वसतिगृह व खाणावळीसह, १० दिवसांत परत द्यावी असे आहे. "भरलेली फी परत नाही" असे सांगितले की आपण मुकाट्याने परत येतो, आणि पैसे वाया जातील म्हणून पोराला तिथेच ठेवतो.

असे ठेवलेले मूल कधी कधी आतून खचते. खाणे सुटले, झोप उडाली, मित्र तोडले, फोन उचलेना, "मी नसलो तर बरं" असे काही बोलला, तर तो आळस समजू नये. त्याच दिवशी जाऊन त्याला घरी आणावे आणि डॉक्टरांना दाखवावे. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा फोन रात्रंदिवस, फुकट चालतो. मराठीत बोलता येते. राजस्थानातल्या कोट्यात दरवर्षी जी मुले जातात, त्यांच्या घरीही आधी आळसच समजला गेला असेल.

एखादे दार बंद झाले तरी दुसरी आहेत, हे परीक्षेच्या आधीच घरात बोलून ठेवावे. बारावी सायन्सनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते, आणि डिप्लोमाच्या गुणांवर पुढे डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला. त्याला सीईटी लागत नाही. आयटीआय आहे, साधी बी.एस्सी. आहे.

इथवर पोरगं-पोरगं लिहीत आलो, कारण गाऱ्हाणी पोरांचीच येतात. मुलगी अभ्यासात मागे पडली तर गाऱ्हाणे येत नाही, स्थळ येते. पोराला वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा द्यायला मिळते, तिला विचारतही नाहीत. वास्तविक जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने घेतलेल्या निर्णयानुसार, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील ईडब्ल्यूएस, एसईबीसी व ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ झाली. प्रवेश केंद्रीय फेरीतून घ्यावा लागतो आणि उत्पन्नाचा व जातीचा दाखला वेळेवर हातात असावा लागतो. हे दाखले निकालानंतर काढायला गेले तर तहसीलला रांग असते. हंगाम सुरू होण्यापूर्वीच अर्ज टाकावा.