मोटारीचा धूर : नियंत्रण कसे?

- घातक घटक : कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन, नायट्रोजन ऑक्साइड, डिझेलच्या धुरात काजळीचे कणही.
- कॅटॅलिटिक कन्व्हर्टर : प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांच्या थरावर या वायूंचे रूपांतर कार्बन डायऑक्साइड, वाफ आणि नायट्रोजनमध्ये होते. पेट्रोलमधील शिशामुळे कन्व्हर्टर निकामी होतो.
- ऑक्सिजन सेन्सर : पेट्रोल इंजिनात हवा-इंधनाचे प्रमाण वजनाने १४.७ : १ च्या आसपास राखण्यास मदत.
- ईजीआर (धुराचे पुनर्चक्रण) : थोडा धूर पुन्हा इंजिनात, ज्वलनाचे तापमान घटून नायट्रोजन ऑक्साइड कमी.
- डिझेलसाठी : डीपीएफ हा फिल्टर काजळी अडवतो. एससीआर या उत्प्रेरक प्रक्रियेत युरियाच्या द्रावणामुळे नायट्रोजन ऑक्साइडचे नायट्रोजन व पाणी होते.
- भारतात : शिसेविरहित पेट्रोल देशभर २००० पासून, भारत स्टेज (बीएस) उत्सर्जन मानकांपैकी बीएस-४ एप्रिल २०१७, बीएस-६ एप्रिल २०२०. बीएस-६ इंधनात गंधकाची मर्यादा ५० वरून १० पीपीएमवर.