माळ्यावरचा संसार आणि शून्य टक्क्याचा हप्ता

घटस्थापना आठ-दहा दिवसांवर आली की गावोगावी घरं बाहेर येतात. गोधड्या ओढ्यावर किंवा बोअरच्या पाण्यावर, डबे-पिंपं अंगणात आणि माळ्यावरचा पसारा ओट्यावर. वर्षातून एकदाच घरात नेमकं काय काय आहे ते घरधन्याला कळतं. घरधनिणीला ते आधीपासून माहीत असतं, पण तिला विचारतो कोण?

असाच एका नातलगाच्या वस्तीवर गेलो होतो. कोरडवाहू पाच एकर, विहीर एक, घरात माणसं सात. माळ्यावरून जे खाली आलं त्यात ठिबकच्या फुटक्या नळ्यांची भेंडोळी, दोन बंद पडलेले फवारणी पंप, एक टीव्ही (चालू असलेला वेगळाच), तीन मिक्सर, लग्नांत आलेले स्टीलचे डबे आणि एक पेटीभर मानपानाच्या साड्या. या साड्या कोणी नेसत नाही. एका लग्नातून येतात, दुसऱ्या लग्नात जातात. हळदीकुंकवातल्या ब्लाऊजपीसचंही तेच. सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींच्या घरी त्यांची जागा शाल, फेटा आणि स्मृतिचिन्हांनी घेतलेली असते, हे त्यांनीही हसत कबूल करावं.

घरातली आजी ओट्यावर बसून बघत होती. ती म्हणाली, "आमच्या टायमाला लुगडं फाटलं की धडपा, धडपा फाटला की गोधडी, अन् गोधडी फाटली की पोतेरं. टाकायला काय उरतच नव्हतं बाबा." खरी गोष्ट आहे. अडगळ ही गरिबीची नव्हे, हाती पैसा खेळू लागल्यावरची गोष्ट आहे. पण ज्यानं टंचाई पाहिली त्याचा हात टाकायला धजत नाही. "असू दे, लागतंय कवातरी", या एका वाक्यावर अर्धा माळा भरलेला असतो.

अडगळीचा धोका

जागा अडते एवढंच असतं तर सोडून दिलं असतं. पण अडगळीत उंदीर येतो आणि उंदरामागं साप. मण्यार रात्रीची फिरते, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावली तर पुष्कळदा पत्ताही लागत नाही. अंगणातल्या जुन्या टायरमध्ये पावसाचं पाणी साचतं, तिथं डेंग्यूचा डास वाढतो.

सगळ्यात वाईट म्हणजे औषधांच्या बाटल्या. वरील घरात माळ्यावर अर्ध्या-पाव भरलेल्या कीटकनाशकाच्या अकरा बाटल्या निघाल्या. चारांवरची मुदत संपलेली, दोघींवरचं लेबल गेलेलं. शेजारीच लोणच्याची बरणी! उरलेलं औषध कुलपात, पोरांच्या आणि रागाच्या भरातल्या माणसाच्या हाताला लागणार नाही असं ठेवावं. रिकामी बाटली तीन वेळा विसळून ते पाणी पंपातच ओतावं, बाटलीला भोकं पाडावीत. त्यात तेल-रॉकेल भरू नये, ओढ्यात फेकू नये. मुदत संपलेल्याचं काय करायचं ते कृषी खात्याच्या माणसाला विचारून ठरवावं.

मात्र सगळंच भंगारात घालू नका. बियाण्याची पावती, पिशवी, तिच्यावरचा टॅग आणि मूठभर बी काढणी होईपर्यंत जपावं. उगवण झाली नाही तर तक्रारीला तेच कामाला येतं. फेरफार, खरेदीखत, सोसायटीचा बेबाकी दाखला हे तर कायमचेच. कचेरीत दप्तराची अ, ब, क, ड अशी वर्गवारी करतात, तशी घरच्या पेटीची एकदा करून बघा. निम्मे कागद 'ड'मध्येच निघतील.

घेणं थांबत नाही तोवर

माळा रिकामा केला आणि दिवाळीत पुन्हा भरला, तर काय मिळवलं? सोयाबीनचे पैसे आले की तालुक्याच्या दुकानात पाटी लागलेलीच असते: शून्य टक्के व्याज. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं की शून्य टक्के व्याज अशी काही चीजच नसते. हिशेब करून बघू. समजा वस्तू रोखीनं १४ हजारांना मिळते. हप्त्यावर १५ हजार, म्हणजे दीड हजाराचे दहा हप्ते, वर ५०० रुपये फाईलचा खर्च आधी. हे व्याज महिना शेकडा दोन पडलं. गावच्या सावकाराचा भाव याहून काय वेगळा असतो? आणि खात्यात पैसे नसताना हप्ता परत गेला तर त्याचा दंड निराळा.

इथं एक गोष्ट स्पष्ट करावी लागेल. शेतकरी उधळ्या म्हणून कर्जबाजारी, असं बोलणाऱ्यांपैकी आम्ही नाही. १८७५ साली सुप्यात सावकारांविरुद्ध दंगे झाले, तेव्हा नेमलेल्या आयोगानंसुद्धा लग्नकार्याच्या खर्चाला वाजवीपेक्षा जास्त दोष दिला जातो असंच म्हटलं होतं. भाव पडला, पाऊस गेला, तर टीव्ही न घेणाराही बुडतो. पण हातात उरलेले चार पैसे कुठं जातात, ते तरी आपल्या हातात आहे.

आणि बायकांच्या साड्या मोजण्याआधी पुरुषांनी गोठ्यामागं एक चक्कर मारावी. वर्षातून आठ दिवस चालणारं पेरणी यंत्र, गंजलेला रोटाव्हेटर, मळणी यंत्र. "अनुदान होतं म्हणून घेतलं", हे उत्तर ठरलेलं. अनुदान वजा जाता उरलेली रक्कम आपल्याच खिशातली असते, हे फॉर्म भरताना सुचत नाही. चार भाऊबंदांत मिळून एक यंत्र घेतलं तरी भागतं, पण चार भाऊबंदांनी मिळून काही घ्यावं म्हणजे...! त्यापेक्षा भाड्यानं सांगितलेलं बरं.

त्या वस्तीवर संध्याकाळपर्यंत भंगाराची एक टेम्पोभर खेप निघाली. पैसे फार आले नाहीत, पण मधल्या खोलीत धान्याच्या पोत्यांना जागा झाली. जातं मात्र कोणी हलवलं नाही, धाकट्याच्या लग्नात हळद दळायला लागेल म्हणून. त्या लग्नाच्या पत्रिकेत 'कृपया आहेर आणू नयेत' छापायचं का, यावर रात्री जेवताना बराच वाद झाला. आजीचं म्हणणं, आपण इतक्या घरी दिलेत, ते परत यायला नकोत का? आम्ही निघेपर्यंत निकाल लागला नव्हता.