गुणांना पैसे द्यावेत की वाचनाला?

"नव्वद टक्के मिळव, सायकल घेऊन देतो." हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेले असते, नाहीतर मोठेपणी उच्चारलेले असते. निकाल लागतो, टक्के कमी पडतात, सायकल राहते. आपले नेमके कुठे चुकले, हे मात्र मुलाला शेवटपर्यंत कळत नाही.

असे आमिष शाळेनेच दाखवले, तेही रोख पैशांचे, तर काय होईल? अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ रोलंड फ्रायर यांनी 2007 पासून याचा प्रयोगच करून पाहिला. डॅलस, न्यूयॉर्क आणि शिकागो या तीन शहरांतील दोनशेहून अधिक शाळा त्यासाठी निवडल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने काही शाळांना बक्षिसे मिळाली, काहींना नाही. त्यामुळे तुलना करता आली.

न्यूयॉर्कमध्ये चौथी आणि सातवीच्या मुलांना चाचणीतील गुणांनुसार पैसे मिळत. एका चाचणीला चौथीत जास्तीत जास्त 25 डॉलर, तर सातवीत 50. शिकागोत नववीच्या मुलांना विषयातील श्रेणीवर पैसे होते. पहिल्या श्रेणीला 50 डॉलर, पण त्यातले निम्मे शालेय शिक्षण पूर्ण केल्यावरच हाती पडायचे. डॅलसमध्ये मात्र गुणांचा संबंधच नव्हता. दुसरीतल्या मुलाने एक पुस्तक वाचायचे, संगणकावर त्यावरची छोटी प्रश्नावली सोडवायची आणि दोन डॉलर मिळवायचे.

हे निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. गुणांना पैसे दिले त्या दोन्ही शहरांत मुलांच्या प्रगतीत दखल घ्यावी असा फरक पडला नाही. डॅलसमध्ये ज्या मुलांची परीक्षा इंग्रजीत झाली, त्यांचे वाचन स्पष्टपणे सुधारले. स्पॅनिशमध्ये परीक्षा देणाऱ्या मुलांना मात्र तसा लाभ झाला नाही. म्हणजे हाही काही रामबाण उपाय नव्हे.

असे का झाले असावे? न्यूयॉर्कच्या मुलांना विचारले, "जास्त पैसे मिळवायला काय कराल?" प्रश्न नीट वाचू, उत्तरे पुन्हा तपासू, असे ती म्हणाली. धडा पुन्हा वाचू, शिक्षकांना शंका विचारू, असे क्वचितच कोणी बोलले. मुलांना पैसे हवे होते, पण गुण कसे वाढतात याची वाट त्यांना ठाऊक नव्हती. पुस्तक वाचणे मात्र सात वर्षांच्या मुलाच्याही हातात असते.

बक्षिसाने अभ्यासाची गोडी जाते, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो निराधार नाही. स्टॅनफर्डच्या बालवाडीत 1973 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या मुलांना आधी सांगून प्रशस्तिपत्रे दिली. पुढे ती मुले आपणहून चित्रे काढण्यात पूर्वीपेक्षा कमी रमली. अनपेक्षितपणे प्रशस्तिपत्र मिळालेल्यांची आवड तशी घटली नाही. फ्रायर यांना मात्र त्यांच्या प्रयोगात गोडी आटल्याचा ठोस पुरावा आढळला नाही. तेव्हा मूल ज्यात आधीच रमते, त्याला भाव लावू नये, एवढे तरी आपण मानावे.

आपल्याकडेही 1992 मध्ये महाराष्ट्र शासनाने दुर्बल घटकांतील प्राथमिक शाळेच्या मुलींसाठी हजेरीच्या दिवसामागे एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. धाकटे भावंड सांभाळायला मुलगी घरी राहू नये, यासाठी तो घराला दिलेला आधार होता. रुपयाची किंमत पुढे घटली, पण त्यामागचा विचार चुकीचा नव्हता. पैसे पहिल्या क्रमांकाला नव्हते, शाळेत येण्याला होते.

मला वाटते, शाळेने सरसकट पैसे वाटू नयेत. द्यायचेच झाले तर वाचलेल्या पुस्तकासाठी, पूर्ण केलेल्या सरावासाठी द्यावेत. आणि घरी सायकल कबूल करायचीच असेल, तर ती टक्क्यांवर ठेवू नये. रोज अर्धा तास वाचन, असे काहीतरी ठरवावे आणि त्या अर्ध्या तासात आपणही शेजारी बसावे. टक्के कितीही पडोत, ठरल्याप्रमाणे वाचन झाले तर सायकल घरी यायलाच हवी.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)