हिरवळीवरच्या ढिगुल्या आणि मोहाची पेंड

गणपती गेले, पाऊस उघडीप द्यायला लागला, की आमच्या वसईत एक ठरावीक तक्रार कानावर येते. "रात्रीत कोणीतरी लॉनवर माती टाकून जातं हो!" कोणाचा मुंग्यांवर संशय, कोणाचा घुशीवर. हौसेने मेक्सिकन लॉनच्या लाद्या अंथरलेल्या असतात आणि सकाळी पाहावं तर जागोजागी सोऱ्यातून तुटून पडलेल्या चकलीसारखे मातीचे ओले वेटोळे. ही गांडुळाची विष्ठा. बागेतल्या सगळ्या विषयांत मला हा सर्वांत प्रिय आहे. घरचे लोक तो जेवणाच्या टेबलावर काढू देत नाहीत. दिवाळी अंकात तशी बंदी नाही.

आधी पाठ्यपुस्तक उरकतो. गांडूळ माती आणि कुजका पाला गिळतं, हवं ते पचवतं, उरलेलं बाहेर टाकतं. बऱ्याच जाती हे सगळं जमिनीखालीच उरकतात, काही मोजक्याच वर येऊन ढिगुल्या घालतात. गवताची जिवंत मुळं गांडूळ खात नाही. कडक उन्हाळ्यात ते खोल जाऊन वेटोळं करून पडून राहतं. कॉलेजात ज्याचं विच्छेदन केलं त्या फेरेटिमावर लखनौच्या कर्म नारायण बहल यांनी १९२६ साली सविस्तर ग्रंथ लिहिला आहे. झालं.

चार्ल्स डार्विनने शेवटचं पुस्तक गांडुळांवर लिहिलं, १८८१ साली, मृत्यूच्या काही महिने आधी. त्याने त्यांना पियानो आणि बसून नावाचं वाद्य ऐकवल्याचा किस्सा सगळेच सांगतात. मला त्यातली कलकत्त्याची चित्रं जास्त आवडतात. तिथल्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख डॉ. किंग यांनी डार्विनला आपल्याकडच्या ढिगुल्या पाठवल्या होत्या. त्या उभ्या मनोऱ्यासारख्या होत्या, इंग्लंडातल्या ढिगुल्यांपेक्षा चांगल्याच मोठ्या. निलगिरीवरूनही त्याला नमुने मिळाले होते. तेव्हा तुमच्या लॉनवरच्या ढिगुल्या इंग्रजी चित्रांतल्यापेक्षा थोराड दिसल्या तर घाबरू नका, आपल्याकडचं गांडूळच दमदार आहे.

ही तक्रार लॉनबरोबर आली, असं माझं ठाम मत आहे. नाळा, निर्मळ, गास, भुईगावच्या वाड्यांत केळीखाली आणि पानवेलींखाली याच ढिगुल्या पिढ्यान्‌पिढ्या पडत आल्या आहेत. तिथल्या कोणी त्यावर औषध विचारल्याचं मी ऐकलेलं नाही, उलट जिथे त्या दिसत नाहीत तिथे वाडीवाला कपाळाला आठ्या घालतो. अमेरिकेत कनेटिकटच्या लंट आणि जेकबसन यांनी १९४४ साली ही विष्ठा तपासली. शेजारच्या मातीच्या तुलनेत तिच्यात पिकाला मिळू शकणारं नत्र सुमारे पाच पट, स्फुरद सात पट आणि पालाश अकरा पट निघालं. हे आकडे मी प्रत्येक तक्रारदाराला ऐकवतो. तो म्हणतो, "ते खरं, पण पाहुणे येणार आहेत."

तर पाहुण्यांसाठी. ओल्या ढिगुलीला हात लावायचा नाही. ओली असताना पाय पडला, रोलर फिरवला किंवा गवत कापायचं यंत्र चालवलं, की ती थापली जाते. तिच्याखालचं गवत गुदमरून पिवळं पडतं आणि वरच्या मऊ मातीत तणाचं बी छान रुजतं. लॉन खराब होतं ते या थापण्याने. दुपारपर्यंत ढिगुली सुकू द्यावी आणि मग हिरांच्या खराट्याने किंवा लवचिक बांबूच्या फोकाने हलकेच मारून फोडावी. भुगा गवतात जिरून जातो, खत फुकट. भर पावसात, जुलैमध्ये, काहीही करू नये. गवत थोडं उंच ठेवावं, उंच गवतात ढिगुल्या दिसतही नाहीत. इंग्रजी बागकामाची पुस्तकं ढिगुल्यांचा काळ शरदापासून वसंतापर्यंतचा सांगतात. तो त्यांच्या ओल्या महिन्यांचा हिशेब. आपला हंगाम जून ते ऑक्टोबर.

मग राजोडी-कळंबच्या रिसॉर्टांच्या लॉनवर तुळशीच्या लग्नानंतरही ढिगुल्या का? कारण तिथे रोज संध्याकाळी पाणी मारतात. वरची माती सतत ओली राहिली की गांडूळ खाली जायचं नावच घेत नाही. रोज शिंपडण्याऐवजी आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी द्यावं, कापलेलं गवत तिथेच न टाकता उचलावं, म्हणजे ढिगुल्या कमी होतात. वर धुतलेल्या नदीच्या वाळूचा पातळ थर दिला तर त्या भुसभुशीत होतात आणि चिकटत नाहीत. किनाऱ्यावरची वाळू उचलून आणू नका, तिच्यातल्या मिठाने गवत जाईल. शिवाय आपल्या किनाऱ्यांवरची वाळू आधीच पुरेशी पळवली गेली आहे.

आता मी ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो भाग. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंड-अमेरिकेतल्या गोल्फ मैदानांवर गांडुळांचा नायनाट करायला एक भुकटी वापरत. तिचं नाव 'मोराह मील'. ही भुकटी म्हणजे आपल्या मोहाची पेंड! जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या रानात उभा असतो तोच मोह. त्याच्या बियांचं तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीत सॅपोनिन असतं, म्हणजे रिठ्याला फेस आणणारा पदार्थ. पेंड हिरवळीवर पसरून वरून भरपूर पाणी सोडलं, की गांडुळाच्या नाजूक कातडीची आग होते, ते तडफडत वर येतं आणि मरतं. माळी बादल्या भरून मेलेली गांडुळं उचलत.

यातली गंमत पाहा. १८९२ साली मुंबई सरकारने मोहाफुलांसाठी खास कायदा केला आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुलं गोळा करण्यावर, बाळगण्यावर निर्बंध घातले. दारूवरच्या कराची काळजी होती. वसईही तेव्हा ठाणे जिल्ह्यातच. म्हणजे इथल्या आदिवासीने अंगणातल्या मोहाची फुलं टोपलीत ठेवली तर सरकारची नजर, आणि त्याच जातीच्या झाडाची पेंड साहेबाच्या गोल्फचा चेंडू सरळ घरंगळावा म्हणून विलायतेत. मला हे कळलं तेव्हा मी दोन दिवस भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. पुढे पेंडीची जागा शिशाच्या अर्सेनेटने आणि क्लोरडेनने घेतली. ती विषं इतकी घातक ठरली, की क्लोरडेन २००१ च्या स्टॉकहोम कराराच्या पहिल्याच यादीत आलं. ब्रिटनमध्ये आज घरच्या हिरवळीवरच्या गांडुळांसाठी एकही मान्य औषध नाही. तिथले बागकामतज्ज्ञही आता खराटाच सांगतात.

ही पेंड आपल्याकडे आजही मिळते, मत्स्यशेतीवाले ती वापरतात. तळ्यात मत्स्यबीज सोडण्याआधी नको असलेले मासे मारायला हेक्टरी दोन-अडीच हजार किलो टाकतात. दोन-तीन आठवड्यांत विषाचा जोर ओसरतो आणि तीच पेंड तळ्याला खत होते. म्हणूनच कोणी उत्साही माणूस हा लेख वाचून पेंड आणायला निघाला असेल तर त्याने थांबावं. वसईत लॉनवरचं पाणी शेवटी शेजारच्या विहिरीत नाहीतर बावखलात, म्हणजे वाडीतल्या तळ्यात, जातं. बावखलातला एकेक मासा उलटा तरंगताना दिसेल. वसई पश्चिमेच्या एका सोसायटीत पेंड नव्हे, पण मीठ टाकून पाहिलं होतं. गांडुळं गेली आणि लॉनही गेलं. सभेत मग माळ्याला बोल लावला गेला, मीठ टाकायचा ठराव करणारे गप्प बसले.

उलट टोक पाहायचं असेल तर देहरीला जावं. घोलवडच्या पुढचं स्थानक उंबरगाव रोड, तिथून जवळ. तिथे भास्कर सावे यांची 'कल्पवृक्ष' ही चौदा एकरांची बाग आहे, चिकू-नारळाची. सावे आधी रासायनिक खतं वापरत आणि विकतही. मग ती सोडून त्यांनी नांगरटीचं काम गांडुळांवर सोपवलं. जपानचे नैसर्गिक शेतीवाले फुकुओका ही बाग पाहून गेले. २०१० साली सेंद्रिय शेतीच्या जागतिक संघटनेने सावेंना जीवनगौरव दिला, २०१५ मध्ये ते गेले. मी तिथे गेलो तो झाडं सोडून खालीच बघत होतो. पाल्याखाली जिकडेतिकडे ढिगुल्या, पाऊल टाकलं की माती दबायची. बरोबरची मंडळी चिकू खाण्यात दंग होती आणि मी उकिडवा बसलेला पाहून त्यांना वाटलं, माझं काहीतरी हरवलं.

एक प्रश्न राहिला, तो हमखास येतो : बाजारातून गांडूळखताची गांडुळं आणून लॉनमध्ये सोडावीत का? नको. ती आयसेनिया फेटिडा नाहीतर आफ्रिकेतली युड्रिलस असतात. शेणात आणि कुजक्या पाल्यात रमणाऱ्या जाती त्या, लॉनच्या घट्ट मातीत त्यांचा निभाव लागत नाही. तुमच्या लॉनमधली गांडुळं मुळातली तिथलीच आहेत. फारच ढिगुल्या झाल्या तर सुकलेल्या गोळा करून मोगऱ्याच्या कुंडीत टाकाव्यात, कुंडीला मूठभर पुरते.