बॅबूनची टोळी आणि मक्याचे शेत

पिकाचे रक्षण करावयाचे तर पिकावर येणाऱ्या प्राण्याची राहणी माहीत असणे अगत्याचे असते. आफ्रिकेतील बॅबून या माकडाच्या बाबतीत केनियातील शेतकऱ्यांना हा अनुभव आला आहे.

ऑलिव्ह बॅबून हा बहुतेक वेळ जमिनीवर वावरणारा, दणकट बांध्याचा प्राणी होय. तो रात्री कड्यांवर वा उंच झाडांवर झोपतो व सकाळी टोळीने चरावयास निघतो. गवत, कंद, फळे व किडे हे त्याचे नेहमीचे अन्न. प्रसंगी ससा किंवा हरिणाचे पाडसही तो मारतो.

टोळीचा कणा म्हणजे माद्या. मादी जन्मभर आपल्या जन्मटोळीतच राहते व आईचा मान मुलीकडे जातो. नर मात्र वयात आल्यावर दुसऱ्या टोळीत जातात. तेथे केवळ सुळ्यांच्या बळावर त्यांचे भागत नाही. माद्यांशी व पिल्लांशी सख्य जोडावे लागते. एकमेकांचे केस निवडून किडे टिपणे हे या सख्याचे मुख्य साधन होय. केनियातच अंबोसेली येथे १९७१ पासून पिवळ्या बॅबूनचा अभ्यास चालू आहे. ज्या माद्यांचे टोळीत सख्य अधिक, त्यांची पिल्ले अधिक जगतात, असे तेथे दिसून आले.

गिलगिलजवळील केकोपी या गुरांच्या कुरणावर शर्ली स्ट्रम यांनी १९७२ साली ऑलिव्ह बॅबूनचे निरीक्षण सुरू केले. पुढे ही जमीन लहान शेतकऱ्यांकडे गेली व तेथे मका उभा राहिला. रानात दिवसभर हिंडून मिळणारे पोषण बॅबूनना कणसांतून थोड्या वेळात मिळू लागले. शेतकऱ्याची वर्षाची बेगमी धोक्यात आली आणि बॅबूनचे प्राणही. अखेर १९८४ साली स्ट्रम यांनी तीन टोळ्या लाइकिपिया पठारावर हलविल्या. टोळ्या न मोडता नेल्यामुळे त्यांची आपसांतील नाती टिकली व त्या नव्या मुलखात तगल्या.

असे स्थलांतर खर्चाचे असल्याने सर्वत्र शक्य नसते. रानाच्या कडेच्या शेतांना उपद्रव सर्वांत अधिक पोहोचतो. म्हणून तेथे पीक तयार होताना दिवसभर राखण ठेवणे व रानालगतच्या पट्ट्यात माकडांना न रुचणारे पीक घेणे इष्ट ठरते. राखणीस केवळ मुले असल्यास बॅबून फारसे भीत नाहीत, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

आपल्याकडील माकडांतही माद्या जन्मटोळीतच राहतात. त्यामुळे चरण्याच्या जागांची ओळख टोळीत पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहते. एकजुटीने येणाऱ्या अशा टोळीस एकट्यादुकट्या शेतकऱ्याने अडविणे कठीण. शिवारातील सर्वांनी पाळीपाळीने राखण केली, तरच पीक हाती लागते.