पत्ता बदलत राहिलेला सम्राट

१५१२ साली दाभोळ बंदरात एक परदेशी माणूस अडकून पडला होता. नाव मातेउस, मूळचा आर्मेनियन व्यापारी. आपण इथिओपियाच्या राणीचे वकील आहोत, तिचं पत्र घेऊन पोर्तुगालच्या राजाकडे निघालो आहोत, असं त्याचं म्हणणं. दाभोळ तेव्हा आदिलशाहीत होतं आणि १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीजांनी हेच बंदर लुटून जाळलं होतं. त्यांच्याकडे निघालेल्या माणसाला तिथल्या अधिकाऱ्यांनी अडकवलं, यात नवल नाही. नवल पुढे आहे. गोव्यात पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला ही खबर लागली. त्याने मातेउसला सोडवून आणवलं आणि मोठ्या मानाने त्याचं स्वागत केलं. अनोळखी व्यापाऱ्याचा एवढा मान कशासाठी? पोर्तुगीजांच्या लेखी तो प्रेस्टर जॉनचा माणूस होता म्हणून. आणि या नावाचा सम्राट तर कधी झालाच नव्हता!

न झालेल्या सम्राटाचा वकील खऱ्याखुऱ्या कोकणात कसा उतरतो, हे समजून घ्यायचं तर पावणेचारशे वर्षं मागे जावं लागतं. ११४१ साली समरकंदजवळ कत्वान इथे काराखिताईंचा प्रमुख येलू दाशी याने सेल्जुक सुलतान संजरचा पराभव केला. दाशी ख्रिस्ती नव्हता. पण ही बातमी सीरियापर्यंत पोचता पोचता मुसलमान सुलतानाला हरवणारा तो पूर्वेकडचा ख्रिस्ती राजा झाला. क्रुसेडमध्ये मार खात असलेल्या युरोपला असा राजा हवाच होता. ११४५ मध्ये जबालाच्या बिशपने ही कथा इटलीत सांगितली आणि फ्रायझिंगच्या बिशप ओटोने ती आपल्या इतिहासात नोंदवली: जॉन नावाचा राजा, जो धर्मगुरूही आहे, पर्शियाच्या पलीकडे राज्य करतो.

पुढची पायरी एका पत्राची. ११६५ च्या सुमारास बायझंटाइन सम्राट मॅन्युएल याच्या नावे प्रेस्टर जॉनचं पत्र युरोपात फिरू लागलं. पत्र बनावट होतं, पण लिहिणाऱ्याच्या हाताला रंग होता. तीन भारतांवर माझं राज्य, बहात्तर राजे मला खंडणी देतात, माझ्या नदीतून रत्नं वाहतात, एका आरशात मला सगळं राज्य दिसतं. मिऱ्यांचं रान सापांनी भरलेलं असतं, म्हणून मिरी पिकली की रानाला आग लावावी लागते, असंही त्यात होतं. मिऱ्याचा वेल प्रत्यक्ष पाहिलेला कुणीही यावर हसेल. पण मिरी सोन्याच्या भावाने घेणाऱ्यांना तो वेल कुठे दिसणार?

छापखाना नव्हता, नकला हाताने व्हायच्या. नागपूरच्या गांधीबागेतल्या घाऊक बाजारातून निघालेला कापडाचा तागा गावच्या दुकानात पोचेपर्यंत हातोहात भाव चढतो, तसा या पत्रावर नकलकारांनी आपापला नफा चढवला. शंभराहून अधिक लॅटिन हस्तलिखितं आजही शिल्लक आहेत आणि नंतरच्या प्रतींत मूळच्यापेक्षा जास्त चमत्कार आहेत. ११७७ मध्ये खुद्द पोप तिसऱ्या अलेक्झांडरने या राजासाठी पत्र धाडलं.

राजा सापडेना, तशी त्याची जागा बदलत गेली. मंगोल स्वाऱ्यांच्या पहिल्या बातम्या आल्या तेव्हा हाच तो, असं लोकांना वाटलं. प्रत्यक्षात तो चंगेजखान निघाला. मार्को पोलोने केराईत टोळीच्या ओंगखानाला ते नाव लावलं, आणि चंगेजच्या हातून त्याला मारूनही टाकलं. आशिया असा हातचा गेल्यावर राजा आफ्रिकेत गेला.

त्याला तिकडे नेणाऱ्या पहिल्या काही लेखकांत एकाने आपलं पाणी चाखलेलं होतं. जॉर्डानस नावाचा हा डॉमिनिकन साधू १३२१ मध्ये ठाणे-सोपारा भागात होता. त्या साली ठाण्यात मारल्या गेलेल्या चार फ्रान्सिस्कन साधूंना त्यानेच सोपाऱ्यात पुरलं. पुढे लिहिलेल्या ग्रंथात त्याने सांगितलं की, तुम्ही ज्याला प्रेस्टर जॉन म्हणता तो इथिओपियाचा सम्राट. पश्चिम किनाऱ्यावर हिंडलेल्या माणसाला लाल समुद्रापलीकडे खरोखरच एक जुनं ख्रिस्ती राज्य आहे, हे ठाऊक होतं. दंतकथेला पहिल्यांदाच खरा पत्ता मिळाला. पोर्तुगालने तो मनावर घेतला. मिरी आणि प्रेस्टर जॉन, दोन्ही शोधायला १४८७ मध्ये राजा दुसऱ्या जॉनने कोविल्याँ आणि पायवा हे दोन हेर पाठवले. कोविल्याँ कालिकत, गोवा पाहून इथिओपियात पोचला, पण तिथल्या दरबाराने त्याला परत जाऊच दिलं नाही.

त्या दरबारात काय चाललं होतं? १५०८ मध्ये लेब्ना डेंगेल हा पोरसवदा मुलगा गादीवर आला होता. कारभार वृद्ध राणी एलेनीच्या हाती होता, आणि ही बाई मला या सगळ्या कथेत सर्वांत शहाणी वाटते. हादियाच्या मुसलमान राजघराण्यातून आलेली, शेजारच्या सल्तनतींचं बळ ओळखून असलेली. दर्यावर नव्याने उतरलेल्या पोर्तुगीजांचं आरमार आपल्या कामी येईल, हे तिने हेरलं आणि मातेउसला धाडलं. युरोपला कथेतला राजा हवा होता, तिला तोफांची गलबतं हवी होती.

मातेउसच्या नशिबी मात्र संशयच होता. पोर्तुगालच्या वाटेवर जहाजावरच्या लोकांनी त्याला तोतया ठरवून छळलं. १५१४ मध्ये लिस्बनला पोचल्यावर राजा मॅन्युएलने त्याचा सत्कार केला. १५२० मध्ये पोर्तुगीज वकिलातीबरोबर तो लाल समुद्रावरच्या मसावा बंदरात उतरला आणि थोड्याच दिवसांत वारला.

त्या वकिलातीत फ्रान्सिस्को आल्वारिश हा पाद्री होता. सहा वर्षं राहून त्याने पाहिलं ते लिहिलं. रत्नांची नदी नव्हती, आरसा नव्हता. स्थिर राजधानीही नव्हती. हजारो तंबूंची छावणीच गावोगाव फिरे. सम्राट पडद्याआड बसून निरोप्यांमार्फत बोले, मग पडदा सरला की मुकुट घातलेला तेविशीचा तरुण दिसे. आणि ज्याच्या रानात मिरी जाळावी लागे असं युरोप मानत होता, त्याला या पाहुण्यांनी हिंदुस्थानातून नेलेल्या मिऱ्यांची पोती नजर केली!

१५२९ मध्ये शिंब्रा कुरेच्या लढाईत शेजारच्या अदल सल्तनतीच्या इमाम अहमदने लेब्ना डेंगेलचा धुव्वा उडवला. पुढली वर्षं सम्राट डोंगरदऱ्यांतून पळत राहिला आणि १५४० मध्ये वारला. पुढच्या वर्षी गोव्याच्या गव्हर्नरने आरमार नेऊन आपल्या भावाला, क्रिस्टोव्हाँ द गामाला, चारशे बंदूकवाल्यांसह मसावाला उतरवलं. हे दोघे वास्को द गामाचे मुलगे. क्रिस्टोव्हाँ पकडला जाऊन मारला गेला, पण उरलेल्यांच्या साथीने नव्या सम्राटाने १५४३ मध्ये इमामाला ठार केलं. एलेनीचा हिशेब तीस वर्षांनी जमला. ते पाहायला ती नव्हती.

मदतीमागोमाग जेझुइट हे कॅथलिक पाद्री आले. त्यांच्या प्रभावाखाली सम्राट सुसेन्योस १६२२ मध्ये कॅथलिक झाला, देशात बंड उसळलं, १६३२ मध्ये त्याने गादी सोडली आणि मुलगा फासिलिदास याने जेझुइटांना हाकलून दिलं.

प्रेस्टर जॉनचं नाव मात्र गेलं नाही. १५४० मध्ये छापलेल्या आल्वारिशच्या पुस्तकाच्या शीर्षकातही तेच नाव आहे, आणि ‘ऑफ द इंडीज’ अशा अर्थाची पुरवणीही. तिथे सहा वर्षं राहून आलेल्या माणसाच्या पुस्तकाची ही गत, तर नकाशेवाल्यांचं काय! ऑर्टेलियसने १५७३ मध्ये प्रेस्टर जॉनच्या साम्राज्याचा स्वतंत्र नकाशा छापला, आणि युरोपातली घरं पुढेही कित्येक वर्षं तो विकत घेत राहिली.